क्वार्टरच्या दारातली ढोली

कमळाने चारचौघांत दात काढले, हे रुखमाबाईंना मुळीच खपलं नाही. सासू अडचणीत आणि सून तोंडात पदर कोंबून खुसुखुसु हसते, असं त्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

अडचण होती धान साठवायच्या बांबूच्या ढोलीची. पुरुषभर उंच, दोघांच्या कवेत न मावणारी. बुरडाने घरातच बसून विणलेली, शेणाने लिंपलेली. मालगुजारी गेली, मुलगा गुणवंतराव बल्लारपूरला कारखान्यात लागला आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. रुखमाबाईंनी घर दिराच्या हवाली केलं, पलंग दिला, पितळ दिलं. ढोली मात्र सोडली नाही. ती बाहेर काढायला गावच्या घराचं दार चौकटीसकट उखडावं लागलं होतं. एवढं करूनही नव्या दाराचं माप घ्यायचं कुणालाच सुचलं नाही!

गाडीवान डोमाने ढोली उभी घालून पाहिली, आडवी घालून पाहिली. ती दाराला बूच बसावं तशी बसली.

"चौकट काढा," रुखमाबाई म्हणाल्या.

"माय, हे आपलं घर नोहे. माही नोकरी जाईन ना!" गुणवंतराव काकुळतीला आला.

"मंग माही ढोली जिथी जात नाई, तिथी मी जात नाई. मले गावाले पोचव."

ढोली पुन्हा अंगणात ओढली आणि रुखमाबाई तिला टेकून बसल्या. गावाला जायचं म्हणजे आता दिराच्या ओसरीवर पाहुण्यासारखं पडून राहायचं, हे त्यांनाही कळत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. इकडे सगळे उपाशी. नव्या घरातली पहिली चूल थोरल्या बाईच्याच हातची, त्याआधी कुणी घास घेत नाही.

कमळाने तीन दगड आणले आणि ढोलीशेजारी मांडले.

"हे काय लावलं व?"

"घर मांडून राह्यलो, आत्याबाई. पह्यले ढोली, मंग चूल. ढोली तं इथी बसली. त्या दोन खोल्या म्हणजे आपल्या मागच्या खोल्या."

रुखमाबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. मग काडी ओढली.

धूर निघाला तशा शेजारणी जमल्या. त्यांतल्या सोमारीने पाण्याचा हंडा आणला. "बाई, एवढी मोठी ढोली! किती धान मावते व?" गावी माजघराच्या अंधारात ही ढोली उंदरांशिवाय कुणी पाहिली नव्हती, इथे क्वार्टरांची अख्खी लाइन पाहायला आली. भात शिजेपर्यंत रुखमाबाईंनी सोमारीचं माहेर विचारून घेतलं, एकीला लुगडं नीट नेसायला सांगितलं, आणि दुसरीच्या कोंबड्यांना अंगणबंदी केली.

जेवणं उरकली. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कमळे, सासूले हसतेस, हे तुहं वाईटच. पण माह्या पोरापेक्षा तुले हातभर अक्कल जास्त हाये. चाल, दाखव मले त्या मागच्या खोल्या."