सासूबाईंची पिल्लं

स्वयंपाकघराच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात एक कोळीण राहायची. माझ्या बायकोने तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. "कोपऱ्यात बसतात, बोलत काही नाहीत, पण सगळं बघतात," म्हणायची. त्या कोपऱ्यात झाडू जाऊ द्यायची नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी तिला धड श्वासही घेववत नव्हता. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, "सासूबाईंनी अंडी घातलीत. पिल्लं निघाली की खायला घाला."

"काय घालू?" मी विचारलं. तिने बोलत राहावं म्हणून विचारलं.

"चिलटं. जिवंत. आणि वेगवेगळी ठेवा हं. एकत्र राहिली की एकमेकांना खातात."

मी हो म्हणालो. त्यानंतर ती काही बोलली नाही.

घर आवरायला तिची धाकटी बहीण आली. दारातच तिने रुमाल नाकाला लावला.

"भाऊजी, हे घर आहे की टर्पेंटाईनचं पिंप? ताईची छाती गेली ती ह्याच वासाने."

"डॉक्टर तसं म्हणाले नाहीत."

"डॉक्टर तुमच्या घरात झोपत नव्हते."

मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. टर्पेंटाईनने ब्रश धुतो, हात धुतो, सांडलेला रंग पुसतो. मला त्याचा वास येत नाही. कित्येक वर्षांत आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतलो तर खिडकी लख्ख. मेहुणी नळाखाली चप्पल धूत होती.

"केवढी मोठी होती, बाई! झाडूचा फटका बसला तरी पाय हलवत होती. मग चपलेने घेतली."

"ती तुझ्या ताईची होती."

"भाऊजी, जळमट होतं ते."

मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून अंड्यांची पिशवी शोधली. मळक्या कापसाच्या गोळीएवढी होती. मेहुणीने घासून पालथी घातलेली जॅमची बरणी मी घेतली, पिशवी आत ठेवली आणि तोंडाला जुन्या मोज्याचा तुकडा बांधला.

काही दिवसांनी पिल्लं निघाली. टाचणीच्या डोक्याहून लहान, फिकट. आधी काही खात नव्हती, नुसती एकमेकांना चिकटून बसलेली.

"आईविना पोरं," मेहुणी म्हणाली. "बसणारच अशी."

"आईला कुणी मारलं?"

"मी. आणि ताईला?"

ह्या बाईच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता.

पेल्यात काळं पडलेलं केळं ठेवलं की चिलटं आपोआप जमतात. पेल्यावर कागद झाकायचा, पेला बरणीवर उलटा धरायचा आणि बुडावर टिचकी मारायची. सुरुवातीला चिलट पिल्लांपेक्षा मोठं असतं, म्हणून मी त्याचे पंख खुडून टाकत होतो. पाण्यासाठी ओल्या कापसाचं बोट ठेवलं. पिल्लं चिलटावर तुटून पडायची. ते फडफडायचं थांबलं तरी सोडायची नाहीत. मला बघायला बरं वाटायचं.

मग एका सकाळी एक पिल्लू दुसऱ्या पिल्लाला तोंडात धरून बसलेलं दिसलं. शेजारून जिवंत चिलट फिरत होतं. त्याच्याकडे ते बघतही नव्हतं.

बायकोच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मी टाकल्या नव्हत्या. खणात होत्या. त्यांची झाकणं काढली, आतून स्वच्छ धुतल्या, कापडाने पुसल्या. बारीक अक्षरांसाठी जो शून्य नंबरचा ब्रश वापरतो, त्याच्या केसांवर एकेक पिल्लू उचललं आणि एकेका बाटलीत सोडलं. प्रत्येकाला एक चिलट. वर कापसाचा बोळा. बाटल्या संपल्या तेव्हा उरलेली थोडी पिल्लं बरणीतच राहू दिली. खिडकीत सासूबाईंच्या कोपऱ्याखाली बाटल्यांची रांग लावली. बायको गेल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मला झोप लागली.

सकाळी बाटल्यांमधली सगळी पिल्लं मेलेली होती. पाय पोटाशी आखडलेले.

मेहुणीने एक बाटली उचलून उजेडात धरली. "चिलटही मेलंय. म्हणजे भुकेने नाही." मग माझ्याकडे बघितलं. "बाटल्या कशाने धुतल्यात?"

"नेहमीसारख्या."

"नेहमीसारख्या म्हणजे?"

मी कोपऱ्यातल्या टर्पेंटाईनच्या डब्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली. मोठ्याने नाही.

"वा, भाऊजी. आता कुठल्या डॉक्टरला विचारायचं?"

आठवडाभराने बरणीत एकच पिल्लू उरलं होतं. बाकीच्यांना खाऊन टपोरं झालेलं. मेहुणीने आपली बॅग भरली आणि बरणी मागितली.

"हे मी नेते. तुमच्या घरात काही जगत नाही."

"तुला तर किळस येते."

"येते ना. पण ताईचं आहे."

मी तिला सगळं सांगितलं. केळं किती काळं पडू द्यायचं, पेला कसा उलटायचा, कापूस कधी ओला करायचा. ती मान डोलवत ऐकत होती, मध्येच स्वतःशी म्हणून बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याशी नीट बोलली.

"खायला कधी द्यायचं, कळणार कसं?"

"पोट बारीक दिसलं की द्यायचं."

"आणि चिलट मेलेलं चालत नाही?"

"नाही. जिवंतच लागतं."

ती निघाली तेव्हा मी म्हणालो, "थांब. मोजा सैल झालाय. बसमध्ये हिसका बसला तर पळून जाईल ते. नीट बांधून देतो."

टर्पेंटाईनच्या डब्याजवळच्या खिळ्याला ब्रश पुसायचं फडकं असतं. ते काढलं. ओलसर होतं. दुहेरी घडी घातली, बरणीच्या तोंडावर ताणून बसवली आणि सुतळीने घट्ट आवळली.

तिने बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. फडकं तिच्या हनुवटीखालीच होतं. "ताईचं एवढं तरी राहील," ती म्हणाली. आली तेव्हा दारातच रुमाल नाकाला लावणारी ही बाई. आता तिच्या नाकालाही काही कळत नव्हतं.

मी तिची बॅग उचलून स्टॉपपर्यंत गेलो. बस यायला बराच वेळ लागला. तिचे हात भरून आले असावेत, कारण तिने दोनदा बरणी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी शेजारी उभा होतो. बरणी माझ्याकडे दे, असं काही मी म्हणालो नाही.