वेगबाबांचं कडं आणि वहिनीचा वारा

पटांगणावर सकाळपासून माणसं मावत नव्हती. कोणी घरी मोटर बसवलेली सायकल घेऊन आलं होतं, कोणी नुसतंच तोंडाचा आ वासायला. मधोमध खुर्चीत वेगबाबा बसले होते. त्यांच्या हातात तांब्याचं कडं होतं आणि तोंडाला विश्रांती नव्हती.

"चाक बाहेर फिरतं, चैतन्य आत फिरतं," बाबा म्हणाले. "बॅटरीला वीज तुम्ही द्याल. पण गती कोण देणार?"

मोटर देते, असं कोणी म्हणालं नाही. औषधांच्या दुकानदाराने आपली सायकल पुढे केली. बाबांनी हँडलवरच्या मीटरवर पांढरा रुमाल टाकला, रुमालाखाली हात घातला, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि खर्जात हुंकार लावला. मग कडं हँडलला अडकवलं. औषधवाल्याने फेरी मारली. एरवी सव्वीसच्या वर न हलणारं मीटर एकोणचाळीस दाखवू लागलं. टाळ्या पडल्या. कडं फुकट होतं. फक्त त्यातली शक्ती दरमहा भरून घ्यावी लागे, आणि ती काही फुकट नव्हती.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चमत्कार मला तसे पचत नाहीत. हसून घरी गेलेही असते. पण रांगेत पुढे उभा होता तो माझा सख्खा दादा.

निवृत्त झाल्यावर दादाने घरच्या घरी दोन सायकलींना मोटर बसवली होती, एक त्याची, एक माझी. सारखी मोटर, सारखी बॅटरी, सारखीच लहान चाकं. त्याच्या सायकलला मागे जाड गादीची सीट होती, वहिनीसाठी. वहिनीला डायलिसिस चालू होतं. रुग्णालयाची गाडी येऊन तिला दारातून न्यायची.

कडं लागलं, वहिनीला मागे बसवून एक चक्करही झाली, आणि संध्याकाळी दादाने जाहीर केलं, "गाडीवाल्याला उद्या फोन करतो, यापुढे येऊ नका म्हणून. मीच नेईन हिला."

"दादा, उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात."

"एकोणचाळीसचा वेग आहे. मीटर काय खोटं बोलतं?"

नुसत्या हट्टी माणसाशी भांडता येतं. दादा हट्टीही होता आणि त्याचा बायकोवर जीवही होता.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "वारा काही वाढला नाही हो."

"कसला वारा?"

"कानाला लागतो तो. कडं नव्हतं तेव्हा लागायचा तेवढाच आज लागला. तुम्ही मीटर बघत बसता. मला मागून मीटर दिसत नाही, म्हणून वेग कळतो."

"तू आणि तुझा वारा," दादा म्हणाला.

मी मात्र वहिनीकडे बघतच राहिले. एवढ्या गर्दीत वेग कोणीच मोजला नव्हता. सगळ्यांनी मीटर वाचलं होतं.

सकाळी दादाने फोन उचलायच्या आत मी त्याला पटांगणावर नेलं. बाबा खुर्चीत होतेच.

"बाबा, आम्ही दोघं एक फेरी बरोबर मारतो. दादाच्या सायकलला कडं आहे, माझ्या नाही."

"धूळ खाशील, मुली," बाबा हसून म्हणाले.

आम्ही निघालो. दोघांनीही पूर्ण वेग दिला. पटांगणाच्या टोकापर्यंत त्याचं हँडल माझ्या हँडलच्या पुढे गेलं नाही.

"दादा, किती दाखवतंय?"

"एकोणचाळीस," तो छाती फुगवून म्हणाला.

"माझं सव्वीस."

दादाने मान वळवली. मी त्याच्या अगदी शेजारी होते. त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाईटही वाटलं.

"संगतीचा परिणाम," परत आल्यावर बाबांनी निकाल दिला. "कड्याची शक्ती शेजारच्यालाही ओढते." माना डोलल्या. औषधवाल्याने तर सायकल माझ्या शेजारी आणून लावली.

"मग माझ्या मीटरला का नाही ओढलं?" मी विचारलं.

बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं. तोच रुमाल मी मागून घेतला, माझ्या मीटरवर टाकला, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि बेसूर हुंकार लावला. मग फेरी मारली. कड्याशिवाय एकोणचाळीस.

"मीटरला रस्ता दिसत नाही," मी म्हणाले. "ते चाकाचे फेरे मोजतं, आणि चाक केवढं ते आपण सांगू तसं मानतं. आपली चाकं वीस इंची. रुमालाखाली बटणं दाबून मी मीटरला तीस इंची सांगितली. हुंकार कशाला, तर बटणाचा टुक् टुक् आवाज ऐकू येऊ नये म्हणून."

औषधवाला खाली वाकून आपलं चाक बघू लागला. बाबा "श्रद्धा कमी पडली" असं पुटपुटत आपल्या पेट्रोलच्या स्कूटरवरून गेले. तिला कडं नव्हतं.

दादाने गाडीवाल्याला फोन केला. "उद्या नेहमीसारखी गाडी येऊ द्या," एवढंच म्हणाला.

मंडळी, मीटर बघू नका असं मी म्हणत नाही. मीटरला आकडा कोणी शिकवला, तेवढं विचारा. रुमाल टाकणाऱ्याला रुमाल उचलायला सांगा, आणि कोणी डोळे मिटा म्हणाला तर नेमके तेव्हाच उघडे ठेवा.

आमच्या घरी आता दादा वहिनीला सायकलवरून संध्याकाळी फिरवून आणतो. मीटर त्याने काढून टाकलं नाही, नीट वीस इंचावर आणलं. पण सायकल जोरात निघाली की तो मान मागे करून विचारतो, "वारा किती आहे गं?"