आनंदरावांचा गंधार

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे; कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. नागपूरच्या महाल भागात एका कारागिराने मला सागवानातून घडवले. माझ्या मधल्या गंधारावर त्याची कानस जरा जास्त चालली आणि तो सूर जन्मापासूनच किंचित उतरलेला राहिला.

मला घेतले आनंदरावांनी. ते कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होते. गाणे त्यांना कोणी शिकवले नाही. ते माझ्यावरच शिकले. मी दिला तोच गंधार त्यांच्या गळ्यात बसला. चाळीस वर्षे दर पौर्णिमेला वसाहतीतल्या विहारात वंदना झाली की ते मला पुढ्यात घेत. भात्यात वीज केंद्राच्या धुराड्यांची राख शिरे, मी धापा टाकी, पण त्या उतरलेल्या गंधारावर ते आले की बायका पदर डोळ्यांना लावत. शेजारच्या कांताबाई म्हणत, "भाऊ, त्या जागी आले ना तुम्ही, का मले माही माय आठवते." नाकाने कांदे सोलणारे एकदोघे होतेच, त्यांना मी बेसूर वाटे. ज्याला गोड लागेल त्याने खावे, असे म्हणून आनंदराव हसत. त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग त्यांची नात प्रीती शहरात गाण्याच्या वर्गाला जाऊ लागली. तिथे सूर मोबाइलवर तपासत. बरोबर असला की हिरवा, चुकला की लाल. तिने एकदा मोबाइल माझ्यासमोर धरला आणि गंधारावर तो लाल झाला. पोरीचा आजोबांवर फार जीव. ते चार दिवस लग्नाला गेले, तेवढ्यात त्यांना न विचारता तिने दुरुस्तीवाला बोलावून तो सूर चढवून घेतला. वर पॉलिशही केले. मीही मूर्ख, नव्या नवरीसारखी मिरवत बसले.

पुढच्या पौर्णिमेला आनंदराव गायला बसले. गळा सवयीने खाली गेला, मी वर राहिले. मागे कोणीतरी खुसखुसले. त्यांनी पुन्हा सूर धरला, पुन्हा सुटला. मग त्यांनी भाता मिटला. घरी आल्यावर प्रीतीने रडत रडत सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

"म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचंच गाऊन राहिलो होतो," ते म्हणाले. "अन् लोकं माहं मन राखून राहिले होते."

साफ खोटे होते ते. कांताबाईंच्या डोळ्यांतले पाणी काही मन राखायला आलेले नव्हते. पण कोणी भाता ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही.

प्रीतीने दुरुस्तीवाल्याला परत आणले. तो म्हणाला, सूर उतरवतो, पण किती ते सांगा. ते एकट्या आनंदरावांना ठाऊक, आणि त्यांचा तर स्वतःच्या कानावरचाच विश्वास उडालेला. प्रीतीने किती मिनतवाऱ्या केल्या.

"राहू दे बेटा," ते म्हणाले. "आता बरोबर आहे ना, तसंच राहू दे."

तेव्हापासून मी अगदी सुरात आहे. आनंदराव शेजारच्या खोलीत असतात आणि गुणगुणतसुद्धा नाहीत. मित्रांनो, आमची धूळ झाडा, भाता जपा, उंदरांपासून सांभाळा. पण कोणाच्या आवडीतली चूक काढायची झाली, तर आधी त्याला विचारा. माझ्यासारख्या पेटीला दुरुस्त करणारे गावोगाव मिळतात. गायचा थांबलेला माणूस पुन्हा गाता करणारा कोणी अजून आमच्या दारात आलेला नाही.