तिसऱ्या पुकारीची हरकत

शमुवेल बटलरनं आपली शिकलेली पोर धोंडूबाईच्या हनोखला देऊ केली, तेव्हा कर्जतच्या मिशनच्या चाळीनं तोंडात बोटं घातली. का घालू नयेत? मार्था शाळेत मास्तरीण, आणि हनोख माथेरानच्या छोट्या गाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा. वर दारुड्याचा पोर! त्याचा बाप धाकलू माथेरानला हातरिक्षा ओढायचा. एक्केचाळीसच्या मे महिन्यात तो दरीत पडून मेला. प्यायलेला होता असं चौकशीत ठरलं, म्हणून ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी त्याच्या मयताला देवळाची घंटासुद्धा वाजवू दिली नाही. आता सत्तावन्न साल लागलं होतं. साहेबांचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली, तरी धोंडूबाई अजून उपासनेला शेवटच्या बाकावर, दाराशीच बसायची.

मार्थाही आधी फणफणली. "बाबा, मी तुम्हाला एवढी जड झाले का हो?"

"मी देवाला शब्द दिलाय," म्हातारा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब वधूवरांची नावं देवळात पुकारतात, आणि कुणाची हरकत असेल तर उठून बोला म्हणतात. पहिली पुकार झाली की दोघांना जरा बरोबर चालायची मुभा मिळते. तशी ती दोघं उल्हास नदीच्या पुलापर्यंत गेली. मागं दहा पावलांवर धोंडूबाई होतीच. हनोखचे तळहात भाजून काळे झालेले. अर्धी वाट संपली तरी पठ्ठ्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"मुके आहात का हो?" मार्थानं विचारलं.

"तुमी मास्तरीण. चुकलो तर उभं कराल."

ती खळखळून हसली. मग तो हळूहळू बोलायला लागला. बाप जिथं पडला त्या वळणावर गाडी आली की तो डोक्यावरची टोपी काढतो, म्हणाला. "लोक म्हणतात, पिऊन पडला. आय म्हणते, त्यानं जल्मात बाटलीला हात लावला नाय. मी कुणाचं खरं मानू, सांगा."

 त्या दिवसापासून शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मार्थाचा खडू थांबायला लागला. दुसऱ्या पुकारीपर्यंत बाईसाहेब पुरत्या गुंतल्या होत्या. तिला तो हवा होता, दुसरं कुणी नको होतं, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

दुसऱ्या पुकारीनंतरच्या सोमवारी, ती तांदूळ निवडत असताना बाप आपण होऊन बोलला. "आता देव मला सोडील. मी त्या घराला माझी पोर दिली."

"सोडील म्हणजे? तुम्ही काय केलंत?"

मग एकेक बाहेर पडलं. शमुवेल तेव्हा एका साहेबाकडे बटलर होता. साहेब आणि मडम धाकलूच्या रिक्षातून फिरायला निघाले, तेव्हा डब्यांची टोपली घेऊन तो रिक्षामागून चालत होता. कड्याच्या वाटेवर चाक दगडाला अडलं, रिक्षा कलली आणि मडमेची हॅट उडून दरीत गेली. साहेब खाली उतरला. त्यानं धाकलूला छडीनं झोडलं, आणि तो हात जोडून मागं सरत असताना पोटात लाथ घातली. मागं कडाच होता. बाकीचे ओढणारे पळाले, त्यांना कोण विचारतो! चौकशीत शमुवेलनं पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली, की धाकलू प्यायलेला होता, आपणच घसरला. साहेबानं त्याला मिशनच्या चाळीतली ही खोली मिळवून दिली, आणि सहा वर्षांनी विलायतेला निघून गेला.

"मी भ्यालो गं, मार्था. तू तीन वर्षांची होतीस."

"आणि आता माझ्या जिवावर सुटता होय?" ती ओरडली. तांदूळ सगळीकडे सांडले.

"लग्न होऊ दे. मी मेल्यावर सांग त्यांना. आत्ता बोललीस तर तुझाच संसार मोडेल."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला बापाचा इतका राग आला. आठवडाभर ती गप्प राहिली. हनोख मिळायला हवा, एवढंच तिला कळत होतं. नवरा म्हणून त्याला जन्मभर सुख देईन, आणखी काय हवं, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. तिला स्वतःची किळस येत होती, तरी रविवारी ती नवी साडी नेसून देवळात गेली.

तिसरी पुकार झाली की वराची आई सगळ्यांना गूळखोबरं वाटते. धोंडूबाई मांडीवर डबा धरून बसली होती. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिला मंडळीत मान मिळणार होता. पाळकसाहेबांनी नावं पुकारली. "कोणाची हरकत?"

मार्थाच्या मागच्या बाकावर चाळीतली अंबाबाई कुजबुजली, "दारुड्याच्या घरचा गूळ कोण खाईल बाई!"

मार्था उठली.  "माझी हरकत आहे."

"तुझी? अगं, तू तर नवरी!" पाळकसाहेब गांगरले.

"धाकलू प्यायले नव्हते. साहेबानं लाथ मारून त्यांना कड्यावरून पाडलं. माझ्या बापानं पाहिलं, आणि शास्त्रावर हात ठेवून खोटं सांगितलं. यांना हे ठाऊक नसताना मी यांच्याशी लग्न करणार नाही."

पाळकसाहेबांनी शमुवेलकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं मान खाली घालून ती हलवली, होय म्हणून. हनोख उभा राहिला होता. मार्थाकडं एकदा बघून तो बाकातून बाहेर पडला.

धोंडूबाई दाराकडून उठली. डबा उघडून पहिल्या बाकापासून एकेकाच्या हातावर ती गूळखोबरं ठेवत निघाली. "खा. माझा नवरा प्यायला नवता. खा." अंबाबाईनं मुकाट्यानं हात पुढं केला. शमुवेलनंही केला. त्याचा हात तसाच रिकामा सोडून ती मार्थापाशी आली.

"पोरी, तुला सून नाय करता यायची गं. त्याच्या लेकीच्या हातचं पानी माझ्या घशाखाली उतरायचं नाय." तिनं मार्थाच्या तळहातावर सगळ्यात मोठा खडा ठेवला. "पर तू खा. तू खाल्ल्याबिगर मी जानार नाय."

हनोख आईची वाट बघत दाराशी जाऊन थांबला होता, आणि मार्थाला तो खडा तिथंच, सगळ्यांसमोर चावून गिळावा लागला.