दादऱ्याखालची सोनी

हसू नका, मित्रांनो. ओठाचा टवका उडालेली आणि उचगावच्या एका खिडकीत बसलेली मी काचेची जुनी बरणी. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. माझ्या पोटावर 'आंबा' नाहीतर 'लिंबू' अशी चिठ्ठी चिकटवायचे, तीही मला कधी वाचता आली नाही. पण माप मला कळतं. माझ्यात पाच किलो लोणचं मावायचं आणि एक फोड कधी बुरसली नाही.

भट्टीतून मी लालभडक निघाले, थंड झाले आणि कोल्हापूरच्या बाजारात आले. विठाबाईनं मला टिचकी मारून, वाजवून घेतलं. विठाबाई म्हणजे या घराची मालकीण. तिला तीन सुना आल्या, पण माझ्यात चमचा घालायची परवानगी एकीलाही मिळाली नाही. आमची शिस्त ठरलेली होती. गळ्यापर्यंत भरायचं, दाबून हवा काढायची आणि तोंडावर पांढरं फडकं ताणून बांधायचं. त्या फडक्याला दादरा म्हणतात. कुणी आलं की विठाबाई दादरा सोडायची.

"पावणं, असली बरणी अख्ख्या गावात न्हाय!"

मी अशी फुगायचे म्हणता!

मग धाकट्या सुनेच्या हातून मी नळावर आपटले आणि ओठाचा टवका उडाला. लोणच्यात काच जाईल म्हणून मला माळ्यावर टाकलं. फुटका पंखा आणि उंदराच्या लेंड्या यांच्यात सात वर्षं. मला, पाच किलोच्या बरणीला!

गेल्या वर्षी विठाबाईची नात तेजस्वी हट्टाला पेटली. तिला मासा पाहिजे होता. मला खाली उतरवलं, घासलं आणि अमीनच्या माशांच्या दुकानात नेलं. एका पिशवीत बोटाच्या पेराएवढ्या दोन सोनेरी मासोळ्या होत्या. अमीननं आधी मला पाहिलं.

"मावशी, ह्यात न्हाय चालायचं. ही वीतभर वाढत्यात, टाकी लागती. ह्यात त्यांची घाण त्यांनाच बाधंल."

"तुला टाकी खपवायची हाय, व्हय?" विठाबाई म्हणाली. "भांडं बघून मासा वाढतोय. आमच्यात लहानच ऱ्हाईल."

मला ते फार पटलं. कैरीची फोड माझ्यात कधी वाढली का? माझ्या पोटात माझ्या मापानं राहायचं. शिवाय मासोळी वाढली असती तर मला पुन्हा माळाच होता.

शेजारी विठाबाईचा दीर केरबा राहतो. तो म्हणाला, "वैनी, एक मला दे. म्हशीच्या हौदात सोडतो, डासाच्या आळ्या खाईल." दुसरी हौदात गेली. तो हौद मला खिडकीतून समोर दिसतो. पहिलीचं नाव तेजस्वीनं सोनी ठेवलं.

विठाबाईनं मला लोणच्यासारखंच भरलं. गळ्यापर्यंत पाणी, आत सोनी, वर दादरा. माझा गळा अरुंद. पाण्याला हवा लागणार ती तेवढ्या वाटीएवढ्या तोंडातून, तीही फडक्यातून. सोनी वर येऊन सारखं तोंड उघडायची, मिटायची.

"आजी, ती मला हाक मारतीया!"

"खायाला मागतीया," म्हणत विठाबाई आणखी चिमूटभर टाकायची. उरलेलं माझ्या तळाशी कुजायचं. दर सोमवारी ती सगळं पाणी एकदम ओतून नळाचं गार पाणी भरायची. त्या दिवशी सोनी तळाशी पडून राहायची. काचेला आरपार दिसतं, मित्रांनो. मला सगळं कळत होतं. पण मी म्हणायचे, नखरे आहेत हिचे. लाडावली आहे.

वर्षभरात ती वाढली नाही. येणारेजाणारे नवल करायचे. "हाय तेवढीच हाय की!" विठाबाई म्हणायची, "वळण लावलंय तिला." मी चमकायचे. सोनीच्या पाठीला बाक आला, तो माझ्या पोटाच्या गोलाईला शोभतो असंही मला वाटलं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर केरबानं हौद उपसला.

"तेजस्वे, पळत ये! बघ तुझी दुसरी!"

घमेल्यात तळहाताहून लांब, भरल्या अंगाची मासोळी शेपटीनं पाणी उडवत होती. तेजस्वीनं घमेलं पाहिलं, मग खिडकीत मला पाहिलं.

"आजोबा, ही तीच?"

"तीच की. एका पिशवीतली."

"मग सोनी अशी का?"

केरबा पुन्हा हौद घासू लागला. विठाबाई म्हणाली, "म्हशीच्या हौदात माजलीया ती. आपली नाजूक हाय."

हौद पुन्हा भरला तेव्हा तेजस्वीनं मला छातीशी धरून नेलं आणि सोनीला आत सोडलं. मोठी सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. सोनी एका कुशीवर कलंडली. वाकड्या पाठीनं तिनं माझ्या पोटाएवढी एक फेरी मारली. मग पुन्हा तेवढीच. समोर काच नव्हती, तरी ती वळत होती. दुपारी ती पोट वर करून तरंगत होती. म्हैस आली, फुंकर मारून तिला बाजूला सारलं आणि पाणी प्यायली.

"रडतीस काय? मासाच हुता," विठाबाई म्हणाली.

तेजस्वी आजीशी एक शब्द न बोलता मामाकडे मलकापूरला गेली. विठाबाईला ते लागलं. पण 'माझं चुकलं' म्हणणं तिला जमत नाही. मलाही कधी जमलं नव्हतं. आज म्हणते. सोनी बारकी राहिली ती वळणानं नव्हे. तिला मी कोंडून मारलं आणि वर मिरवलं.

काल विठाबाई मला घेऊन पुन्हा अमीनकडे गेली. "बरणीसाठी मासा देणार न्हाय, मावशी," तो म्हणाला. तिनं दुसऱ्या दुकानातून आणला. नात परत आली की खूश होईल म्हणे. आत्ता ती नवी माझ्यात आहे, पेराएवढी. गळ्याशी येऊन तोंड उघडते आहे. वर दादरा बांधला आहे. विठाबाई झोपली आहे.

मित्रांनो, मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. दादरा सोडा. मला दोन्ही हातांनी धरा, टवका बोटाला लागेल, जपून. हौदापाशी गेल्यावर आधी तिथलं पाणी थोडं थोडं माझ्यात घाला, मग तिला हळूच सोडा. हिची पाठ अजून सरळ आहे. परतताना मी हातातून निसटले तर निसटू द्या. मात्र जाताना नको.