पोथीच्या पानावर बोट

सातवीची फायनल पास झालेल्या लेकानं, शेषरावानं, अर्ज लिहिला याचा कौशल्याबाईला राग नव्हता. न वाचता लिहिला, याचा होता. घटसर्पाच्या साथीत गावातले चार बैल गेले. त्यातले दोन शेषरावाचे. लगेच या शहाण्या लेकानं सरपंचाला लिहून दिलं की विधवा सिंधूताईनं करणी केली, तिला गावाबाहेर काढावं. पुरावा काय, तर महाराजांची पोथी.

हे महाराज जळगाव जामोदच्या बसमधून उतरले आणि मारोतीच्या ओट्यावर बसले. समोर ही गर्दी. कोणीही डोळे मिटून पोथीच्या सुट्या पानांत मोरपीस खुपसावं, महाराजांनी ते पान उचलून दाखवावं, की वर देवीचं तेच चित्र. रंगरावानं खुपसलं, देवी. निवृत्तीनं खुपसलं, देवी. मग महाराज डोळे फिरवून वाचत, "स अक्षराची, पांढऱ्या कपाळाची बाई..." पोथीत डोकावणाऱ्याचे डोळे जातील, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. सोयीचा शाप.

दुपारी पंचायत बसणार होती. सिंधूताईनं भांडी पोत्यात भरायला घेतली होती.

कौशल्याबाई ओट्यावर चढली. प्रौढ वर्गात तीन महिने पाटी घासून तिला अक्षर लागायचं, पण बैलगाडीच्या चालीनं.

"महाराज, सिंधूचं नाव कोन्त्या ओळीत हाय? बोट ठेवा."

महाराज म्हणाले, बाईनं पाहिलं तर डोळे जातील.

"जाऊ द्या. साठ वर्सं वापरले, लय झालं."

तिनं पान ओढलं आणि बोटानं अक्षर अक्षर जुळवलं. उपासाला वरई चालते. कांदा चालत नाही. संपलं पान. खालचं उचललं, देवी, वरई, कांदा. त्याच्याखालचंही तेच. कुठल्याशा छापखान्याची रद्दी, एकच पान शंभरदा, लाल फडक्यात बांधलेलं. मोरपीस कुठंही खुपसा, दुसरं निघणार काय?

महाराज गूढ अर्थ सांगू लागले, पण लोक हसत होते. त्यांनी झोळी आवरली. शेषराव तेवढा खाली मान घालून उभा राहिला.

"ढोरांचा डाक्टर टोचायले आला, तवा बैल बुजतात म्हून तू त्याले परत धाडलं," कौशल्याबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "त्याच्या वहीत 'लस नको' म्हून तुही सही हाय. याले म्हनतात पुरावा. कोनीबी जाऊन वाचून घ्यावा. आता सिंधूच्या दारात जाय, तिच्यासमोर तो अर्ज फाड. अन् यापुढं कोनाचं नाव लिहायच्या आंधी, ते कुठं लिहेल हाय ते मले दाखोत जाय."