काळ्या फितीची फाईल

लहानपणी कॅन्सरमधून उठलेल्या मुलांसाठी ती शिष्यवृत्ती होती, आणि टकलीचं कॉलेज तिच्यावरच अडलं होतं. नाव टकली, वेणी कमरेपर्यंत. सातव्या वर्षी औषधांनी केस गेले तेव्हा आत्यानं लाडानं हे नाव ठेवलं. केस परत आले, नाव काही गेलं नाही. आता एकच कागद हवा होता: मुलगी बरी झाली, असं रुग्णालयाचं पत्र. मुदत आज पाचपर्यंत.

खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "तुमची फाईल तळघरात आहे," त्या म्हणाल्या आणि टकलीकडे नको तितका वेळ बघत राहिल्या.

तळघर असं गार, की माणसाची सावलीसुद्धा वरच्या पायरीवरच थांबायची. फायली सांभाळणारा म्हातारा कानामागे पेन्सिल खोचून बसला होता. तीस वर्षांत त्याला वर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. डबा तेवढा भरलेला खाली जायचा, रिकामा वर यायचा.

त्यानं काळ्या फितीची फाईल काढली. "बंद झालीय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही गेलात." कव्हरावरच्या चौकोनावर त्यानं बोट ठेवलं. "वय, सात."

सोबत आलेली आत्या फिसकन हसली. "अहो, ही सकाळी माझ्याशी तासभर भांडून आलीय. गेलेली माणसं भांडतात होय?"

"भांडतात," म्हातारा म्हणाला.

टकलीला घरी सोडलं, त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरची मुलगी गेली होती. फिती बांधणाऱ्याचा हात चुकला, एवढंच.

"न्या," म्हातारा म्हणाला. "पण या फडताळातली फाईल काढली की तिच्या जागी पुठ्ठा लागतो, नेणाऱ्याच्या नावाचा. फाईल परत आली की नाव खोडतो."

"नाही आली तर?" टकलीनं विचारलं.

"मागे एका कारकुनानं परत आणली नाही." त्यानं फडताळाच्या टोकाकडे मान वळवली. "तो तिथंय. डावीकडून तिसरा."

टकलीनं पेन उचललं. आत्यानं ते काढून घेतलं. "सर बाजूला. तुझं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी." आणि टकलीच्या आजारपणात प्रत्येक फॉर्मवर केली होती तशीच पुठ्ठ्यावर झोकात सही ठोकली.

वर पत्र झालं, शिक्का बसला. साडेचारला शिष्यवृत्ती मंजूर. फाईल बऱ्या झालेल्यांच्या कपाटात गेली.

"ती परत खाली नेता येईल?" टकलीनं विचारलं.

"नेली की तुम्ही पुन्हा मेलात," बाई म्हणाल्या. "पत्रही रद्द."

टकली वळली तर आत्या बाकावर बसलेली. लिफ्ट बंद असताना टकलीला कडेवर घेऊन चार मजले चढणारी आत्या.

"काही नाही गं, जरा दम लागला. शिवणयंत्रापुढं बसून बसून पाय चालायचं विसरलेत."

टकली तडक जिन्याकडे गेली.

खाली म्हातारा एका नव्या, पातळ फाईलला काळी फीत बांधत होता. कव्हरावर आत्याचं नाव.

"फाईल आणलीत?"

"नाही."

"मग हेच. आत काही नाही अजून. जातानाचं वय तेवढं लिहायचं राहिलंय." त्यानं पेन शाईत बुडवलं. "काय लिहू?"

बावन्न. जिभेवर आलेलं खरं वय टकलीनं गिळलं. "शहाण्णव."

"दिसत नाहीत तेवढ्या."

"शिवणकाम करते ना. मधूनमधून स्वतःलाही दोन टाके घालून घेते."

म्हाताऱ्यानं पेन खाली ठेवलं, कानामागची पेन्सिल काढली आणि चौकोनात लिहिलं, शहाण्णव.

खोडरबर मात्र त्यानं फाईलशेजारीच ठेवलं.